गुरुवारचा वास

"काका, रुमाल टाका! लवकर, रुमाल!" मुकुंद प्लॅटफॉर्मवर नाचत ओरडला.

"रुमाल टाकतात ते नवशिके!" असं म्हणून सुरेंद्रकाकांनी सरकत्या डब्याच्या खिडकीतून गाद्या-चादरींचा अख्खा होल्डॉल आत ढकलला, आणि पाठोपाठ स्वतःही दारातून घुसले. गाडी पुरती थांबली, तेव्हा काका समोरासमोरची दोन बाकं अडवून, पाय पसरून, राजासारखे बसलेले होते.

"बघितलंत? चाकावरची बाकं आहेत, थोडे धक्के बसतील. पण खिडकी! खिडकी कुणी मिळवून दिली?"

"तुम्ही!" मुकुंद आणि सुमेधा एका सुरात म्हणाली. काकांना हे दर प्रवासात म्हणून दाखवावं लागे.

सुमेधा बारा वर्षांची, मुकुंद नऊ. मे महिन्याची सुट्टी अरुंधतीकाकूच्या माहेरी, सोलापूरला काढून सगळे चिंचवडला परत निघाले होते. बरोबर त्यांच्या चाळीतला फारूक होता. चिंचवडला त्याच्या वडिलांचं, अकबरभाईंचं, गॅरेज होतं. फारूकची मोठी बहीण बिल्किसआपा सोलापूरच्या सासरहून सहा महिन्यांच्या मुन्नाला घेऊन कल्याणला निघाली होती. तिकडे तिच्या नवऱ्याला नुकतीच खोली मिळाली होती. तिला पोचवायला तेरा वर्षांचा फारूक! म्हणजे बाकीचे चिंचवडला उतरणार आणि ही तिघं तशीच पुढे, लोणावळ्याचा घाट उतरून जाणार.

मुंबईची ती पॅसेंजर. मेल आली की ही बाजूला उभी, मालगाडी आली तरी ही बाजूला उभी! भिगवणला तर ती इतका वेळ थांबली, की मुकुंदने खाली उतरून तीनदा फिरकीचा तांब्या भरून आणला आणि दोनदा स्वतःच पिऊन रिकामा केला. पण मजाही होती. कडक भाकरी आणि शेंगाचटणी झाली, पत्त्यांचे चार डाव झाले, दौंडला मातीच्या वासाचा चहा झाला. शेजारी लक्ष्मणराव नावाचे एक गृहस्थ वर्तमानपत्र घेऊन बसले होते. जगात त्यांना माहीत नाही अशी गोष्टच नव्हती, आणि ते न विचारता सांगत.

केडगाव सुटलं आणि सुमेधाने नाक वर केलं.

सुमेधाचं नाक भलतंच तिखट. तिसऱ्या घरात दूध करपलं, तरी आधी हिला कळायचं. "काहीतरी जळतंय," ती म्हणाली.

"गुऱ्हाळ असेल," लक्ष्मणराव पेपरामागून म्हणाले. "या भागात गूळ फार."

सुमेधाने बाहेर पाहिलं. दूरवर ना चिमणी, ना धूर. आणि हा वास गोड नव्हता. तेल आणि चिंध्या एकत्र जाळाव्यात तसा होता. उरुळी गेलं, लोणी गेलं, तरी वास होताच. आता तर पायाखालून बारीक कुईकुई आवाजही येऊ लागला होता.

"फारूक, तुला येतोय का रे वास?"

फारूकने दोनदा हुंगलं आणि त्याचा चेहरा बदलला. तो वाकून तिच्या कानाशी म्हणाला, "अब्बांच्या गॅरेजमध्ये एकदा बेअरिंग जळालं होतं. अगदी असाच वास होता."

"म्हणजे काय होतं?"

"जुन्या डब्यांना प्रत्येक चाकाच्या टोकाशी लोखंडी पेटी असते. तिच्यात तेलात बुडवलेल्या चिंध्या असतात. तेल संपलं की चाकाचा आस कोरडाच घासत राहतो. तापतो. लाल होतो."

"आणि मग?"

"मग तुटतो," फारूक म्हणाला, आणि त्याने बिल्किसआपाकडे पाहिलं. आपा मुन्नाला मांडीवर घेऊन त्याच्या तळव्यांना गुदगुल्या करत होती.

सुमेधाने काकांना सगळं सांगितलं. काका मोठ्याने हसले. "गॅरेजवाल्याचा पोरगा, त्याला जिकडेतिकडे बेअरिंगच दिसणार! अगं, आलं हडपसर. इथले कारखाने असतील."

पुण्याला गाडी चाळीस मिनिटं थांबली आणि चमत्कार व्हावा तसा वास नाहीसा झाला! फारूक खाली उतरून पाहून आला, पण चाकं प्लॅटफॉर्मच्या आड खोल होती. काही दिसेना.

"गेला ना वास? मी काय सांगत होतो?" काका म्हणाले. काकूनेही समजावलं, "सुमे, उगाच धास्ती घेऊ नकोस. दिवसभर नीट जेवली नाहीस, म्हणून होतंय."

सुमेधालाही क्षणभर तसंच वाटलं. गाडी निघाली, शिवाजीनगर मागे पडलं. खडकीपर्यंत सगळं ठीक होतं. दापोडीचा पूल ओलांडला आणि वास आला! पहिल्यापेक्षा उग्र, डोळे चुरचुरावेत असा!

काकांनी मात्र छाती भरून श्वास घेतला. "अहाहा! आली पिंपरी! आपल्या कंपन्यांचा वास! रबर, रंग, तेल! डोळे मिटूनसुद्धा सांगेन, घर आलं!"

डब्यातली माणसं हसली. निम्मा डबा कंपन्यांत काम करणाऱ्यांचा. सगळ्यांनाच तो वास ओळखीचा वाटला. सुमेधाच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. खरंच की! पिंपरीला वास येणारच! तिने फारूककडे पाहून जीभ दाखवली.

काका सामान बाकाखालून ओढत कुरकुरले, "सुट्टीचा दिवस गाडीतच गेला. उद्या पहाटे उठून पहिली शिफ्ट गाठायची."

सुमेधाची जीभ तशीच बाहेर राहिली.

सुट्टीचा दिवस! आज गुरुवार होता. वीज वाचवायला पिंपरी-चिंचवडच्या कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. भोंगा नाही, धूर नाही. गुरुवारी चाळीतल्या बायका वाळवण घालायच्या, कारण त्या दिवशी हवा स्वच्छ असायची!

"काका!" तिचा आवाज चिरकला. "आज गुरुवार आहे! कंपन्या बंद आहेत! मग वास कुठून येतोय?"

काकांनी होल्डॉलचा पट्टा आवळला. मग म्हणाले, "असेल एखादी चालू. ओव्हरटाइम."

"पण गाडी उभी राहिली की वास जातो आणि धावली की येतो! वास गावाचा नाही, गाडीचा आहे!"

तेवढ्यात पिंपरीचं वळण आलं. सुमेधा खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकली. काकूने तिचा फ्रॉक धरला, पण तेवढ्यात तिने पाहून घेतलं. डब्याखालून, प्लॅटफॉर्म न येणाऱ्या बाजूने, निळसर धुराची एक रेघ निघत होती.

"धूर! फारूक, धूर आहे!"

फारूकने वरच्या साखळीकडे हात नेला. लक्ष्मणरावांनी तो झटकन पकडला. "ए पोरा! वाचता येतं ना? विनाकारण साखळी ओढली तर तुरुंग! पोरखेळ आहे का? आधीच गाडीला दोन तास उशीर."

"विनाकारण नाही हो!" सुमेधा जवळजवळ रडत म्हणाली.

"पुरे!" काका कडाडले आणि साखळीखालीच उभे राहिले. "चार लोकांत हसं करून घेऊ नका! चिंचवड पाच मिनिटांवर आहे, उतरायची तयारी करा!"

पिंपरीला गाडी थांबली म्हणेपर्यंत सुटलीसुद्धा. बिल्किसआपा घाबरून विचारत होती, "फारूक, क्या हुआ रे? काय झालं?" आपण पाच मिनिटांनी उतरू, सुमेधाला वाटलं. आपण घरी जाऊन पिठलं-भात खाऊ. आणि ही तिघं याच चाकावर बसून घाट उतरतील. तिला मुन्नाच्या इवल्या पायांकडे बघवेना.

"गार्डला सांगायला हवं," ती फारूक आणि मुकुंदला कोपऱ्यात ओढून म्हणाली.

"गार्डचा डबा अगदी शेवटी. आपला पुढून तिसरा," फारूक म्हणाला. "पळत पोचायला दीड-दोन मिनिटं. आणि चिंचवडला गाडी थांबते एक मिनिट."

खालून कुईकुई चालूच होती.

"पण दारात सामान अडकलं, तर गाडी सोडत नाहीत," मुकुंद हळूच म्हणाला. "मागच्या वर्षी नाही का, त्या आजींचा पाळणा अडकला होता!"

तिघांनीही होल्डॉलकडे पाहिलं. फुगून टम्म झालेला होल्डॉल! मुकुंद खाली बसला आणि त्याने पट्टे सोडायला सुरुवात केली.

चिंचवड आलं. गाडी थांबायच्या आधीच सुमेधाने उडी टाकली आणि ती सुसाट सुटली. मागून काकांची आरोळी ऐकू आली, "अरे, अरे! धरा! धरा!" होल्डॉल दारात उलगडला होता. गाद्या, चादरी, काकांची धोतरं, लोणच्याची बरणी, सगळं पायरीवर आणि फलाटावर! मुकुंद मधोमध बसून भोकाड पसरत होता. "माझी चप्पल खाली गेलीऽऽ! गाडी सोडू नकाऽऽ!" त्याची चप्पल त्याच्या पायातच होती. पण ते कोण बघतंय!

सुमेधा धावत होती. चार डबे झाले. सहा झाले. शाळेच्या खो-खो संघात तिच्यासारखं कुणी पळत नव्हतं, पण आज गाडी संपता संपेना. शेवटी पांढऱ्या कपड्यातले गार्ड दिसले. ते पुढे दाराशी चाललेल्या गोंधळाकडे बघत चरफडत होते. गोंधळ आवरला असावा, कारण त्यांनी शिटी तोंडात धरली आणि हिरवं निशाण वर केलं.

सुमेधाने ते निशाण दोन्ही हातांनी पकडलं!

"सोड! वेड लागलं का तुला?" गार्ड ओरडले.

"पेटी तापलीय! पुढून तिसरा डबा!" तिला धाप लागली होती. "केडगावपासून वास येतोय. गाडी थांबली की जातो. पलीकडच्या बाजूने धूर येतोय. आणि आज गुरुवार आहे!"

"गुरुवारचा काय संबंध? इथे कारखाने आहेत, वास येणारच!"

फलाटावर हातगाडी ओढत चाललेला म्हातारा हमाल खंडू थांबला. त्याने नाक वर केलं. "सायेब," तो म्हणाला, "पोरगी खरं बोलतीया. मी हितलाच हाय. गुरवारी समद्या कंपन्या बंद असत्यात. आज वास यायला नगं. आन् ह्यो वास न्हाई कंपनीचा."

गार्डांनी सुमेधाकडे पाहिलं, खंडूकडे पाहिलं. मग हिरवं निशाण काखेत मारून लाल बाहेर काढलं आणि ते रुळांवर उतरून चालू लागले. तिसऱ्या डब्याजवळ पोचेपर्यंत त्यांची चाल पळण्यासारखी झाली होती.

पेटीचा रंग फोड येऊन सुटला होता. त्यांनी लोखंडी सळईने झाकण उचकटलं, तसा आतल्या चिंध्यांनी भक्कन पेट घेतला.

"वाळू आणा! सगळे खाली उतरा! आधी बायका-मुलं!"

बिल्किसआपा मुन्नाला छातीशी घट्ट धरून उतरली. लक्ष्मणराव पेपर डब्यातच टाकून उतरले आणि या वेळी त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. खंडूने वाळूच्या बादल्या ओतल्या. आग विझली, तरी लोखंड बराच वेळ तडतडत होतं.

गार्डांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "घाटात हा आस तुटला असता तर..." ते म्हणाले. आपाने ते ऐकलं. तिने एका हाताने मुन्नाला सावरलं, दुसऱ्या हाताने सुमेधाला जवळ ओढलं आणि ती रडायला लागली. मग सुमेधालाही रडू आवरेना. मघापासून दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं.

तो डबा गाडीपासून सोडवून बाजूच्या रुळावर नेला. कल्याणला आपाच्या नवऱ्यासाठी निरोप गेला. स्टेशनमास्तरांनी सुमेधा, फारूक आणि मुकुंदला खोलीत बसवून चहा-बिस्किटं दिली. गार्डांनी वहीत तिघांची नावं लिहून घेतली आणि म्हणाले, "तीस वर्षं नोकरी झाली माझी. या लाल निशाणासाठी इतकं कुणी पळालेलं पाहिलं नाही. शाबास!" बातमी कळताच अकबरभाई धावत आले होते. त्यांनी फारूकच्या पाठीवर थाप मारली आणि सुमेधाच्या डोक्यावर हात ठेवला.

सुरेंद्रकाका चादरींचा ढीग कवटाळून कोपऱ्यात उभे होते. धोतराला लोणच्याचं तेल लागलं होतं. "सुमे," ते म्हणाले, "दर गुरुवारी सुट्टी घेणारा मी. आणि गुरुवार लक्षात राहिला तुझ्या! चुकलो, पोरी. साखळी मीच ओढायला हवी होती."

"आणि होल्डॉल कुणी सोडला?" मुकुंदने विचारलं.

"तुझ्याशी नंतर बोलतो!" काका म्हणाले, पण त्यांना हसू फुटलं होतं.

त्या रात्री बिल्किसआपा माहेरीच राहिली.

सकाळी भोंगा झाला. थोड्या वेळाने वाऱ्यावरून वास आला. शेजारच्या दारातून आपा मुन्नाला घेऊन घाईघाईने गॅलरीत आली. "सुमेधा! हा कसला वास गं?"

सुमेधाने डोळे मिटून हुंगलं. रबर, रंग, तेल. "काही नाही, आपा. हा आपलाच. आज शुक्रवार!"

जिन्यावर डबा घेऊन शिफ्टला निघालेले काका थबकले. त्यांनी वर मान करून विचारलं, "नक्की ना, सुमे?"

"नक्की, काका!"

तेव्हा कुठे काका कंपनीत गेले.