पहिल्या हाकेला

रात्री बाहेरून कुणी नावानं हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. का, ते विचारायचं नाही. हा नियम वैभवीला पाढ्यासारखा पाठ होता, आणि पाढ्याइतकाच नकोसा.

त्या रात्री अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या त्यांच्या घरी जेवणं आटोपली होती. दाराशी आबांची बॅग भरून उभी होती. आबा म्हणजे तिचे आजोबा सोमनाथ, निवृत्त हवालदार. फार वर्षांपूर्वी, ते पहाऱ्यावर असताना, लॉकअपमध्ये एक पोरगा मेला होता. ठाण्याच्या साहेबांनी त्याला पट्ट्यानं बडवलं आणि वर दम भरला, "पाणी दिलंत तर याद राखा." कागदोपत्री मात्र तो बाथरूममध्ये पाय घसरून पडला. आता कुठे साहेबांवर खुनाचा खटला उभा राहिला होता, आणि डोळ्यांनी पाहिलेले एकटे आबाच उरले होते. सकाळी त्यांची मुंबईची फ्लाइट होती.

ती चुकावी म्हणूनच गुणवंतकाकांनी, आबांच्या थोरल्या मुलानं, दिवे मंद केले.

"माझ्या ओळखीचा एक माणूस," काकांनी सुरुवात केली. "गेल्या जानेवारीची पंधरा तारीख, गुरुवार. धुकं असं, की समोरची मशीद दिसेना. घरातलं पाणी संपलं, म्हणून हा कोपऱ्यावरच्या ग्रोसरीच्या दुकानात गेला. एक बाटली घेतली आणि गल्लीतून परत निघाला..."

"Kaka, that's Aba," वैभवीचा धाकटा भाऊ सुजीत पुटपुटला.

"गप रे! ओळखीचा माणूस म्हटलं ना!"

आबा खिडकीपाशी बसले होते.

"मागून हाक आली. नावानं. हा थांबला नाही. पुन्हा आली... आवाज ओळखीचा. हा झपाझप चालू लागला. पावलं एकट्याचीच. पण धाप... धाप दोघांची. मग अगदी कानाशी... दादा... पाणी..."

एसीची घरघर तेवढी.

"मग?" वैभवीची आई, प्रमिला, दबक्या आवाजात म्हणाली.

"मग काय! ओ दिली नाही म्हणून वाचला. घरी आला. खलास!" आबांकडे न बघता काका पुढे म्हणाले, "मेलेल्याच्या हाकेला ओ दिली की तो सोबत घेऊन जातो. इथे परदेशात कोर्टाचं कोण येतंय शोधायला? तिकीट काय, कॅन्सल होतं."

"आणि तो जिवंत असताना मारलेल्या हाका, काका?" वैभवी उसळली. "रात्रभर पाणी मागत होता तो. तेव्हाही कुणी ओ दिली नाही. पट्टा एकाच्या हातात होता, कबूल. पण ऐकून न ऐकल्यासारखं करणाऱ्यांनाही कायदा जाब विचारतो!"

"तेच तर सांगतोय, शहाणे! साहेब राहतील बाजूला. तुझ्या आजोबांनाच आत टाकलं तर?"

"टाकू देत," आबा म्हणाले. संध्याकाळपासून पहिल्यांदाच.

ते उठले. बॅगेची चेन उघडली. कपड्यांच्या घडीतून पाण्याची एक बाटली काढली आणि टीपॉयवर ठेवली.

"गुणवंत, एवढं सांगायचं राहिलं बघ तुझं. त्या रात्रीची आहे."

झाकणाचं सील जसंच्या तसं. आत थेंब नाही.

काकांनी हात पुढे केला... आणि मागे घेतला.

"तुमचा नियम मी नाही पाळणार," वैभवी म्हणाली. "फ्लाइट चुकणार नाही. मी आबांबरोबर जातेय. आणि उद्यापासून या घरात पहिल्याच हाकेला ओ द्यायची."

आबांनी हळूच बॅगेची चेन लावली.

टीपॉयवरची बाटली आतून धुकट होत चालली होती... तोंड लावून कुणी श्वास घेत असावं, तशी.