साठ नव्हे, अठ्ठेचाळीस

तामीतचा पाय दोरावर पडला, तो काही चुकून नाही. देवळाचा दोरवाला पेटेहोर तिच्या आईला मिळणारं शेत मोजत होता, आणि त्याचा आकडा काय निघणार हे तिला आधीच ठाऊक होतं.

"पाय काढ," तो म्हणाला.

"आधी तू आकडा नीट काढ."

नाईलने यंदा मायलेकींचं साठ चौकांचं शेत गिळलं होतं; चौक म्हणजे एक दोर लांब, एक दोर रुंद. बदल्यात देऊळ हा तिकोनी तुकडा देत होतं. दोन बाजू दहा-दहा दोर, तळ बारा. रीत ठरलेली: दोन बाजूंची सरासरी काढायची आणि तळाच्या निम्म्याने गुणायची. दाही सक साठ! पणज्याच्या काळापासून तिकोनं असंच मोजलं जाई, आणि रीत देवळाच्या भिंतीवर कोरलेली. म्हणजे बोलायची सोयच नाही.

तामीतने टोपलीतून तिकोनी भाकरी काढली, टोकापासून मधोमध चिरली आणि एक तुकडा उलटा करून दुसऱ्याला जोडला. सरळ चौकोन झाला.

"रुंदी सहा. आता उंची मोज."

त्याने टोकापासून तळाच्या मध्यापर्यंत दोर ताणला. आठ भरला. पुन्हा ताणला... आठच. दुसरं टोक तिच्या हातात होतं, आणि सोडायची घाई दोघांनाही नव्हती.

"सहा आठे अठ्ठेचाळीस," तो पुटपुटला आणि भाकरीचा तुकडा तोंडात टाकला.

"पुरावा खाल्लास?"

"तू इतकी जवळ उभी... दुसरं काही सुचेना."

तिला हसू आलं, पण लगेच तिने हिशेबही केला. बारा चौक कमी म्हणजे वर्षातल्या अडीच महिन्यांची उपासमार.

दुपारी आकडा लिहून घ्यायला मुख्य लेखनिक आला. तो पेटेहोरचा सख्खा मामा. सगळा गाव जमला होता.

"अठ्ठेचाळीस," पेटेहोर म्हणाला.

"भिंत वाचता येते ना तुला?"

"येते, मामा. भिंत चुकलीय."

मामाने त्याच्या खांद्यावरचा दोर ओढून घेतला. घराण्याचा पिढीजात मान एका आकड्यापायी गेला. तामीतला रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग आला. तिने गावादेखत पेटेहोरचा हात धरला.

"माझंही शेत तिकोनीच आहे, याच रीतीने मोजलेलं," मागून एक म्हातारा म्हणाला. मग दुसरा बोलला, मग तिसरा.

मामाने घाम पुसला आणि मुकाट्याने लिहिलं: अठ्ठेचाळीस, देणं उरलं बारा.

"अजून काही?" त्याने चिडून विचारलं.

"हा तुमचा भाचा," पेटेहोरचा हात न सोडता तामीत म्हणाली. "तुम्हाला नको असेल, तर आम्ही ठेवतो."