पंख्यातला कापूस

"दिसायला बरा आहे गं, पण हातात पाना धरायची अक्कल असेल असं वाटत नाही," मी फोनवर ताईला सांगत होते. परक्या देशात एक सुख असतं, माणसाच्या तोंडावर त्याच्याबद्दल मराठीत काहीही बोलता येतं.

काउंटरपलीकडच्या त्या दुरुस्तीवाल्याने मान वर केली. "पान्याचं काम नाही, स्क्रूड्रायव्हरचं आहे. आणि तो धरता येतो. बसा."

धरणीने पोटात घ्यावं असं झालं, पण खाली लादी होती. मुकाट्याने बसले.

नोकरी अजून कच्ची होती. सोमवारी सकाळी साहेबांना एका दवाखान्याचे चोवीस नकाशे दाखवायचे. पसंत पडले तर नोकरी पक्की, नाहीतर परतीचं विमान. नकाशे लॅपटॉपमध्ये, आणि लॅपटॉपने गुरुवारी दुपारी मान टाकलेली. दुसरीकडे कॉपी ठेवली नव्हती. हो, मूर्खपणा केला, त्यावर ताईचं बोलून झालंय.

त्याने लॅपटॉपवरचं कव्हर ओढलं. निघेना. आत्याने ते मापाने शिवलं होतं: कापूस भरलेलं, कडेने लेस, कीबोर्डपुरतं भोक.

"हे घालूनच चालवता?"

"नवीन वस्तू ना. चरा पडतो."

"चरा नाही पडला. जीव गुदमरला बिचाऱ्याचा." लॅपटॉप खोलून चिमट्याने तो आतल्या पंख्यातला कापूस ओढू लागला. संपेचना. "एक उशी होईल यात," तो म्हणाला.

मला हसू आलं, आणि हसता हसता डोळेच भरले. त्याने चिमटा ठेवला आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. "नकाशे काढायला बघतो. पण सगळे मिळतील असा शब्द नाही देत."

डिस्क तापली की बंद पडायची. दहा मिनिटं चालवायची, एखाद-दोन नकाशे उतरवून घ्यायचे, मग अर्धा तास थंड होऊ द्यायची. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर आणि शनिवारी दिवसभर मी तिथेच. त्या अर्ध्या-अर्ध्या तासांत मला कळलं, की तो इथेच वाढलाय, मराठी त्याला आईकडून आलीय, तो डावखुरा आहे आणि विचार करताना खालचा ओठ चावतो. हे शेवटचं मी काही मुद्दाम बघितलं नव्हतं... म्हणजे, बघितलं होतं.

रविवारी दुकान बंद असतं. त्याने उघडलं. दुपारपर्यंत तेवीस नकाशे मिळाले. चोविसावा, जिन्याचा, गेला तो गेलाच.

"पुन्हा काढता येईल?" त्याने विचारलं.

"उद्या नऊला दाखवायचाय."

तो उठला आणि त्याची खुर्ची, त्याचा मोठा स्क्रीन माझ्यासमोर सरकवला. मी काढत बसले. तो स्टुलावर.

"तुम्ही घरी जा ना," मी तासाभराने म्हटलं.

"जातो." गेला नाही.

"कशाला एवढं करताय?"

"नोकरी गेली तर तुम्ही परत जाल ना... म्हणून." एवढं बोलून तो आधीच निवडून ठेवलेले स्क्रू पुन्हा निवडायला लागला. माझी रेघ वाकडी गेली. तीन पायऱ्या पुसाव्या लागल्या.

सोमवारी साहेबांनी सगळ्यात जास्त वेळ जिन्यावरच काढला, मग हात पुढे केला. नोकरी पक्की. मी तडक दुकान गाठलं.

"झालं," मी म्हटलं.

तो खुर्चीत बसलाच. "घरी कळवलंत? आई वाट बघत असेल."

"नाही अजून."

"का?"

आमच्या घरी परीक्षेच्या निकालापासून भाजलेल्या बोटापर्यंत सगळं आधी आईला कळतं. मला त्याच्याकडे बघवेना. "आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं."

त्याचे कान लाल झाले. "मग आता करा फोन," तो म्हणाला. "नाहीतर... जरा थांबा. दोन बातम्या एकदम देता येतील."

"दुसरी कुठली?"

"ती तुम्ही हो म्हणालात तर."

मी फोन पर्समध्ये टाकला. "आधी विचारा तर खरं."

त्याने विचारलं. आईला फोन करायला मला चांगला तासभर उशीर झाला.