रामलिंगच्या रानातली दोन पानं

उद्या रामलिंगच्या रानात फिरायला निघालाय ना, पोरांनो? जा की. जायलाच पाहिजे. पण जायच्या आधी येडशीच्या रणधीरचं काय झालं ते ऐकून घ्या. हे इकडून तिकडून कानावर आलेलं नाही. रणधीरनं याच कट्ट्यावर बसून, डावा हात खिशात घालून, एकदाच सांगितलंय. पुन्हा त्यानं सांगितलं नाही, अन् कुणी विचारलंही नाही.

दोन हजार चोवीस साल, अकरा जानेवारी, गुरुवार. येळवस होती, म्हणजे वेळ अमावस्या. सगळं गाव रानात. रणधीरच्या शेतात कडब्याची कोप, म्हणजे पूजेची खोपटी, घातलेली, पूजा आटोपलेली, अन् मिसळलेल्या भाज्यांच्या भज्जीवर अन् आंबिलीवर ताव मारून माणसं बोरीच्या सावलीला आडवी झालेली. रणधीर मोटारी रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तांब्याची तार भरायचं काम करायचा. अंगानं पैलवान, डोक्यानं तापट. त्यानं जेवायला धाराशिवहून आपला दोस्त उमाशंकर बोलावला होता. हा शाळेत मास्तर. मुंगीलाही वळसा घालून जाणारा माणूस. दोघांचं व्यसन एकच, दर रविवारी कुठंतरी पायी भटकायचं. नळदुर्ग झालं, येरमाळ्याचा डोंगर झाला, रामलिंग तर पन्नासदा. उमाशंकर गळ्यात दुर्बीण अडकवून पाखरं वहीत टिपायचा. रणधीर शेंगदाणे खात मागं चालायचा.

तीनच्या सुमारास रणधीरची चुलती कमलबाई डबा भरून घेऊन आली.

"रणधीर, येवढं सिदूला निऊन दे. येळवशीच्या दिशी रानात उपाशी बसलं असंल लेकरू."

सिदू तिचा पोरगा, रामलिंगच्या अभयारण्यात वनमजूर. लांबच्या पाणवठ्यावर त्याची ड्युटी असायची.

"देतो काकू. तेवढंच आमचं फिरणं व्हईल."

"दिवस बुडायच्या आत माघारी फिरा. आमुशा हाय आज."

"व्हय व्हय," म्हणत दोघं निघाले.

रामलिंगच्या देवळापाशी गर्दी होती. पोरं माकडांना केळी दाखवत होती. पायऱ्या, ओढा, मग सागाचं रान. वाळलेली पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. उमाशंकर खुशीत होता. तांबट दिसला, सातभाई दिसले, शिक्रा दिसला. "रणधीर, ही शेपटी बघ, ही अशी हलली की ओळखायचं," असं शिकवत चालला होता. अकरा पाखरं वहीत चढली. बारावं मात्र दिसलंच नाही. दिसलं नाही अन् ऐकूही आलं नाही.

पाणवठ्यावर पोचायला पावणेसहा झाले. सिमेंटची कुंडी, तिच्या शेजारी बैलाच्या पाठीएवढा काळा दगड, वर धावड्याचं झाड. सिदू नव्हता. देवळात गर्दी आवरायला त्याला चारलाच बोलावून घेतलं होतं, पण हे या दोघांना कुठं ठाऊक?

दगडापलीकडं एक म्हातारा पाठमोरा बसला होता. अंगावर घोंगडी.

"आलात?" तो वळून न बघताच म्हणाला. "लई उशीर केलात."

"बाबा, सिदू कुठंय?" रणधीरनं विचारलं.

"हितं न्हाय कुणी. माझा भाऊ पाणी आणाय गेलाय. त्येची वाट बघतोय."

कुंडी त्याच्या समोर काठोकाठ भरलेली होती.

"कधी गेलाय?" उमाशंकरनं विचारलं.

 "तुमी दोघं भाऊ का?" म्हाताऱ्यानं उलट विचारलं.

"भाऊच म्हणा की, बाबा." उमाशंकर हसला.

"मंग बसा."

डबा रणधीरच्या हातात होता. मग तो म्हाताऱ्याच्या हातात होता. कधी दिला, कसा दिला, ते रणधीरला आजही सांगता येत नाही. म्हाताऱ्यानं सागाची दोन पानं मांडली. दोन्हींवर भाकरी ठेवली, भज्जी वाढली. अगदी सारखी. अन् दोन पानांच्या मधोमध, दगडावर, एक कुऱ्हाड ठेवली.

"पानं दोन," तो म्हणाला. "जेवणार एक."

"उमा, चल," रणधीर म्हणाला.

पण उमाशंकर खाली बसला होता. पानासमोर. मान खाली घालून.

"उमा!"

"शेपटी..." उमाशंकर पुटपुटला. "शेपटी अशी हलली की... तुला कळतंय का? तुला कधी काही कळतं का रे?"

एवढंच. पण रणधीरच्या डोक्यात काहीतरी फुटलं. पन्नास रविवारचं सगळं वर आलं. हा आपल्याला शिकवतो. लेकरासारखा शिकवतो. हसतो आपल्याला. मनात. नेहमी.  हा राग आपला नाही, हेही त्याला आत कुठंतरी कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

त्यानं उमाशंकरच्या तोंडावर बुक्की मारली. दात तुटल्याचा आवाज आला. उमाशंकर रक्त थुंकत उठला अन् त्यानं रणधीरच्या दंडाचा लचका तोडला. मुंगीला वळसा घालणारा माणूस! दोघं कोसळले. पानं चुरडली. दुर्बिणीचा पट्टा रणधीरच्या मुठीत आला, त्यानं तो आवळला. उमाशंकरचे पाय वाळल्या पानांत खरडत राहिले. तरी त्याचा अंगठा रणधीरच्या डोळ्यात घुसत होता. म्हातारा बघत होता. आता त्याचं तोंड इकडं होतं. तोंड होतं, पण त्यावर...

हे सांगताना रणधीर इथं अडला होता.  मग म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या."

कुऱ्हाड त्याच्या उजव्या हातात होती. दांडा गार होता. ओला होता.

पहिला घाव उमाशंकरच्या खांद्यात बसला. हाड वाजलं. उमाशंकर ओरडला नाही. नुसता श्वास सोडला. मागं कलंडला. डोकं त्या काळ्या दगडावर आपटलं. गळा उघडा.

हात पुन्हा वर गेला.

रणधीर म्हणाला, "हात माझा नव्हता. मनगटाला कुणीतरी धरलेलं. वर नेत होतं. म्या खाली ओढायचो, त्ये वर न्यायचं."

"एक," म्हातारा म्हणाला.

उमाशंकरनं डोळे उघडले. तेवढ्यात, एवढ्याशा वेळापुरते, ते त्याचे डोळे होते.

"रणधीर..."

उजवा हात सुटला. खाली आला.

डावा हात मात्र रणधीरचाच होता. तो त्यानं पुढं घातला. उमाशंकरची कॉलर धरली. झटका दिला. डोकं दगडावरून बाजूला गेलं. हात मागं घ्यायला वेळ उरला नाही.

घाव दगडावर बसला. ठिणगी उडाली. डाव्या हाताची दोन बोटं दगडावरच राहिली.

मग शांत.

म्हातारा नव्हता. घोंगडी नव्हती. कुऱ्हाड नव्हती. अंधार पडला होता. कुंडीतलं पाणी हिंदकळत होतं. वारा मुळीच नव्हता.

रणधीरनं दातात धरून गमजा फाडला. एक तुकडा उमाशंकरच्या खांद्याला, एक आपल्या पंजाला. उमाशंकरला पाठीवर घेतलं. चालू लागला. मागून पावलं येत होती. तो थांबला की थांबायची. चालला की चालायची. अनवाणी, सावकाश. त्यानं मागं बघितलं नाही. एकदाच कानाशी आवाज आला.

"भाऊ... पाणी आणलंस?"

तो पळाला. शंभर किलोचा पैलवान, पाठीवर रक्तात भिजलेला माणूस, अन् तरी पळाला. ओढ्यापलीकडं देवळाचा दिवा दिसला तेव्हा पावलं थांबली. पायऱ्यांवर सिदूच पुढं धावला. जीपमध्ये घालून दोघांना धाराशिवला नेलं. उमाशंकरच्या खांद्याला तेवीस टाके पडले. पोलिसांना दोघांनीही सांगितलं, कड्यावरून पडलो. डॉक्टर रणधीरच्या दंडावरच्या दातांच्या खुणांकडं बघत राहिला.

उमाशंकरचा उजवा हात आज खांद्याच्या वर जात नाही. फळ्यावर तो डाव्या हातानं लिहितो. दोस्ती तुटली का? नाही तुटली. कशी तुटंल? रणधीरनं मारलं, हे दोघांना ठाऊक. त्यानंच वाचवलं, हेही दोघांना ठाऊक. रविवारी अजून फिरायला जातात. पण आता तिघं-चौघं मिळून जातात. दोघंच कधी जात नाहीत. अन् कुणी विचारलं, "तुम्ही भाऊ का?" तर दोघं एकदमच म्हणतात, "न्हाय."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर सिदू चार माणसं घेऊन पाणवठ्यावर गेला होता. रणधीरनं जीपमध्ये त्याला जागा तेवढी सांगितली होती, बोटं सापडली तर बघावं म्हणून. बोटं नव्हती. रक्ताचा थेंब नव्हता. त्या काळ्या दगडावर मात्र एक खाच होती. कुऱ्हाडीच्या घावाची, चार बोटं खोल. सिदू सहा वर्षं त्याच दगडावर बसून भाकरी खायचा. खाच त्यानं कधी बघितलेली नव्हती. अन् खाचेत शेवाळ होतं. वाळलेलं, थरावर थर चढलेलं, किती वर्षांचं कोण जाणे.

सिदूनं चाकूनं शेवाळ खरवडलं. तळाशी एक अंगठी होती. तांब्याची, तीन तारांचा पीळ घातलेली. रणधीरनं आदल्याच दिवाळीत मोटारीची तार पिळून ती स्वतः बनवली होती. गेलेल्या बोटात तीच होती.

अंगठी हिरवीगार पडलेली होती. अर्धी वर होती, अन् अर्धी दगडाच्या आत.

सिदूनं ओढून बघितली... निघाली नाही.