वरच्या मजल्यावरचा पाइप

प्रेमकथेत नायक-नायिकेची पहिली भेट कुठे व्हावी याचे काही संकेत आहेत. बाग चालते, ग्रंथालय चालतं, धक्का लागून हातातली पुस्तकं खाली पडली तर फारच उत्तम. या दोघांची भेट संडासाच्या दारात झाली. मला यात काही करता येण्यासारखं नाही.

त्या मजल्यावर कचेऱ्या बऱ्याच होत्या आणि संडास एकच. तो बाहेर येत होता आणि ती, चालणं म्हणावं की पळणं असा प्रश्न पडावा अशा गतीनं, आत जायला येत होती. त्यानं सभ्यपणे दार धरून ठेवलं. तिनंही सभ्यपणे 'थँक्यू' म्हणायला हवं होतं. ती म्हणाली, "सरका."

तो सरकला.

थोड्या वेळानं ती तोंडावर पाणी मारून, केस सारखे करून कोपऱ्यावरच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत शिरली, तर यंत्रांपुढच्या खुर्चीत तोच. तिचं काम पुस्तकं मोठ्यानं वाचायचं. ज्यांना वाचायला वेळ नसतो, किंवा दिसत नाही, किंवा नुसताच कंटाळा येतो, त्यांच्यासाठी ऐकायची पुस्तकं निघतात, त्यांतला आवाज तिचा. आणि तो आवाज टिपून घेणारा रेकॉर्डिस्ट म्हणजे हा. स्टुडिओत सगळे त्याला कानसेन म्हणत. पलीकडच्या खोलीत टाचणी पडली तर ती टोकावर पडली की डोक्यावर, हे तो सांगतो अशी त्याची ख्याती होती.

"बसा," कानसेन म्हणाला. "आपली ओळख झालीच आहे."

ती काचेपलीकडच्या खोलीत जाऊन बसली. तिथे एक मेज, एक माइक आणि उशीएवढी जाड एक प्रेमकादंबरी. या धंद्यातली बैठक मोठी विचित्र असते. हेडफोन लावून बसलेल्या रेकॉर्डिस्टला वाचणाऱ्याचं सगळं ऐकू येतं. शब्द, श्वास, बांगडी, खुर्चीची कुरकुर, सगळं. वाचणाऱ्याला मात्र त्याचा आवाज त्यानं बटण दाबलं तरच ऐकू येतो. तो ओठ हलवतो आहे एवढंच दिसतं. बऱ्याच संसारांत हीच व्यवस्था असते, फक्त मध्ये काच नसते.

आता ती पळत का आली होती ते सांगायला हवं. काही आठवड्यांपूर्वीच तिला डायबिटीस निघाला होता. टाइप टू. वय तिशी नुकतीच ओलांडलेली. फार तहान लागायची, तर तिला वाटायचं, दिवसभर वाचते म्हणून. फार थकवा यायचा, तर वाटायचं, लेखक लांबलचक वाक्यं लिहितात म्हणून. शेवटी रक्त तपासलं आणि लेखक निर्दोष सुटले. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली, जेवल्यावर घ्यायची, दोन वेळा. गोळीनं साखरेचं काय केलं ते तीन महिन्यांनी कळणार होतं. पोटाचं काय केलं ते त्याच दिवशी कळलं. मळमळ, तोंडात सदोदित चावी चोखल्यासारखी चव, आणि पोटात... पोटात कुणीतरी सामान हलवतंय असं वाटायचं. जड सामान.

तिच्या आईचं यावर एकच म्हणणं होतं. कुणाला सांगायचं नाही. कळलं तर स्थळं यायची थांबतील. स्थळं गेली दोन-तीन वर्षं आलेलीच नव्हती, पण न येण्याला आणखी एक कारण मिळू नये, एवढीच त्या माउलीची इच्छा. मावशीला मात्र आईनं स्वतःच सांगून टाकलं, कारण मावशी म्हणजे 'कुणी' नव्हे. मावशीनं गोळी सोडून बाकी सगळ्यावर श्रद्धा ठेवायला सांगितलं.

तर, कादंबरी. पहिल्याच प्रकरणात नायक नदीकाठी नायिकेचा हात हातात घेतो. ती रंगात येऊन वाचत होती, "आणि त्या क्षणी सारं जग निःशब्द झालं—"

गुर्रर्र.

जग निःशब्द होतं, त्यामुळे फारच स्पष्ट ऐकू आलं. कानसेननं हात वर करून तिला थांबवलं. तारा हलवून पाहिल्या, माइक बदलला, एसी बंद केला. ती पुस्तकात नाक खुपसून बसली होती. मग पुन्हा तेच, या वेळी शेवटी एक हेलकावा घेऊन. कानसेननं तिच्याकडे पाहिलं. तिनं छताकडे पाहिलं. त्यानंही छताकडे पाहिलं आणि बटण दाबून म्हणाला, "सॉरी मॅडम. वरच्या मजल्यावरचा पाइप आहे. पाणी सोडलं की वाजतो. आपण जरा थांबून घेऊ."

तिच्या जिवात जीव आला. "जुन्या इमारतीत असं होतंच," असंही ती म्हणाली.

इमारतीला वरचा मजला नव्हता. वर थेट गच्ची होती. हे कानसेनला पक्कं माहीत होतं.

मग रोजच पाइप वाजू लागला. कानसेन तेवढ्यापुरतं रेकॉर्डिंग थांबवी, पाण्याच्या खात्याला दोन शब्द सुनावी, आणि त्या रिकाम्या वेळात बटण दाबून काहीबाही बोले. कादंबरीतला नायक पानापानावर उसासे टाकायचा. ती एकदा वैतागून म्हणाली की या माणसाचं छातीचं काहीतरी तपासायला हवं.

"तुम्ही छान टाकता पण," कानसेन म्हणाला.

"काय?"

"उसासे."

"ते लेखकाचे आहेत."

"नाही. लेखकाचे कळतात मला. कालचा शेवटचा तुमचा होता."

तिनं पान उलटलं. पुढचं वाक्य तिनं दोनदा चुकीचं वाचलं, आणि त्यात पाइपचा काही संबंध नव्हता.

असंच चाललं असतं तर ही गोष्ट फार लवकर संपली असती. पण स्टुडिओच्या मालकांनी एक दिवस हिशेब मांडून विचारलं की एवढ्या दिवसांत एवढीच प्रकरणं कशी. कानसेननं पाइपचं नाव घेतलं नाही, मशीनचं घेतलं. मालक म्हणाले, मशीन ठीक आहे, मी कालच पाहिलं. या आठवड्यात वेग आला नाही तर उरलेलं पुस्तक दुसऱ्या कुणाच्या आवाजात करून घेऊ. हे ते दारात उभं राहून म्हणाले, आणि ती जिन्यात होती.

घरी जाताना तिनं ठरवून टाकलं. काम हातचं जाता कामा नये. रेकॉर्डिंग असेल त्या दिवशी गोळी घ्यायची नाही. रेकॉर्डिंग रविवार सोडून रोज असे. म्हणजे औषध साप्ताहिक झालं.

पाइप बंद पडला. प्रकरणांमागून प्रकरणं होऊ लागली. मालक खूश होऊन तिला 'वाघीण' म्हणाले. खूश नव्हता तो एकटा कानसेन. पोट गप्प होतं, पण आता दुसरंच काहीतरी ऐकू येत होतं. तोंड कोरडं पडलं की जीभ टाळूला चिकटते आणि सुटताना बारीकशी टिचकी वाजते. दर वाक्याला टिचकी. पाण्याची बाटली दुपारच्या आत रिकामी होई, तरी टिचकी थांबेना. आवाज संध्याकाळी खाली बसायचा. एक दिवस तिनं तीच ओळ पुन्हा वाचली, डोळे चोळले, आणि अक्षरं आज जरा पुसट छापलीत का, असं विचारलं. छापलेलं पुस्तक रातोरात पुसट होत नाही.

कानसेननं बटण दाबलं. तिच्या कानात त्याच्या खोलीतला पंखा ऐकू येत राहिला.

"गोळी बंद केलीत का?"

"कसली गोळी?"

"जेवल्यावर भिंतीकडे तोंड करून घ्यायचात ती. पाकीट फाडल्याचा आवाज यायचा, आता येत नाही." मग जरा अडखळत, "पोट वाजत होतं तेच बरं होतं."

तिला समजायला थोडा वेळ लागला. "आणि पाइप?"

"वर गच्ची आहे."

तिनं हेडफोन काढून मेजावर ठेवला. आदळला नाही, ठेवला. कानसेन नंतर म्हणायचा की आदळला असता तर बरं वाटलं असतं. पर्स उचलून ती निघून गेली.

दोन दिवस ती घरी भिंतीकडे तोंड करून पडली होती. राग कसला, तर त्यानं खोटं सांगितल्याचा नव्हे. इतके दिवस तो सगळं ऐकत होता याचा. तिनं आवाज लावून, शब्दाशब्दाला इस्त्री करून वाचावं, आणि त्यानं त्याखालचं सगळं ऐकावं. आईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा तिनं सांगून टाकलं. गोळी बंद केल्याचंही, कानसेनचंही. गोळीवरून आईनं रडून घेतलं. मग डोळे पुसून विचारलं, "हसला का गं तो?"

"नाही."

"त्यानं कुणाला सांगितलं का?"

"नाही. माझी बाजू घेऊन मालकांनाही मशीनचंच नाव सांगितलं."

आईनं पदर खोचला. मग म्हणाली, "माझं घोरणं तुझ्या बाबांनी लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात सगळ्या सोयऱ्यांना नक्कल करून दाखवलं होतं. माणूस चांगला होता, तसं नाही. पण दाखवलं होतं." आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, पोट बिघडतंय हे तुम्ही कुणाकुणाला सांगितलं? कालपर्यंत कुणालाच नाही, ती म्हणाली. तेवढंच चुकलं, बाई म्हणाल्या. गोळीनं पोट बिघडणं यात अपमान काही नाही, पुष्कळांचं बिघडतं. आपल्या मनानं बंद करायची मात्र नाही. साखर तपासली, ती अर्थातच वर गेलेली होती. त्यांनी तीच गोळी हळूहळू विरघळणारी अशी लिहून दिली, कमी मात्रेपासून सुरू करायची, भरल्या पोटी. पोटाला ओळख व्हायला थोडा वेळ द्या, म्हणाल्या. तोंडातली चव कदाचित काही दिवस राहील. राहू दे, ती म्हणाली.

ती स्टुडिओत पोचली तेव्हा जेवणाची सुट्टी होती. मालक बाहेर गेले होते. कानसेन मशीनपुढे डबा उघडून बसला होता, पण खात नव्हता. ती येऊन त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली, काचेच्या अलीकडे. आपला डबा काढला. दोघं मुकाट्यानं जेवली. जेवण झाल्यावर तिनं पर्समधून पाकीट काढलं, त्याच्याकडे तोंड करून फाडलं, गोळी घेतली आणि पाणी प्यायली.

"मला डायबिटीस आहे," ती म्हणाली. "बरा होऊन जाणारा नाही, सांभाळायचा. म्हणजे कायमचंच. आईनं कुणाला सांगू नको म्हटलं होतं. तुम्हाला सांगतेय."

कानसेननं आपला डबा बाजूला सरकवला. तिला वाटलं, झालं. आता सहानुभूती येणार, मग एखाद्या लांबच्या काकांची हकिकत येणार, आणि उद्यापासून 'मॅडम, दमला असाल' सुरू होणार. तिनं डबा बंद करायला घेतला.

"मला डाव्या कानानं ऐकू येत नाही," कानसेन म्हणाला.

तिच्या हातातलं झाकण तसंच राहिलं.

"वर्ष होत आलं. आधी कमी झालं, आता जवळजवळ नाहीच. मालकांना माहीत नाही. कळलं तर..." त्यानं खोलीभर पसरलेल्या यंत्रांकडे हात केला. "कानसेन म्हणतात सगळे. काय सांगू?"

"म्हणजे माझं हे सगळं तुम्ही एका कानानं ऐकलंत?"

"एकाच. दोन्ही शाबूत असते तर तुम्ही पहिल्याच दिवशी घरी गेला असतात."

ती हसली. हसू आवरेना, तेव्हा तोंडावर हात धरून हसली, आणि मग तिनं विचारलं, "डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवू दाखवू म्हणतोय. माझी आई म्हणते, कशाला उगाच बभ्रा."

"या आया एकमेकींना भेटल्यात का कुठे?"

"भेटल्या तर घोटाळाच. आपल्याला एकमेकांची नावंसुद्धा कळू देणार नाहीत."

मग तिनं अट घातली. ती गोळी चुकवणार नाही, पोट वाजलं तर वाजलं, रेकॉर्डिंग थांबवायचं आणि का थांबवलं ते मालकांना ती स्वतः सांगणार. त्या बदल्यात त्यानं कान दाखवून यायचा. तो म्हणाला, दाखवतो, पण सोबत कुणीतरी हवं. डॉक्टर डाव्या बाजूनं बोलले तर निम्मं कळायचं नाही. कारण अगदी तकलादू होतं. तिला फार आवडलं.

"सोबत येईन," ती म्हणाली. "पण एक सांगायचंय. इथून सांगते, म्हणजे सराव होईल."

ती त्याच्या डाव्या बाजूलाच बसली होती. जरा पुढे वाकली, आणि अगदी त्याच्या कानाशी, ज्या आवाजात तिनं आजवर एकही पुस्तक वाचलं नव्हतं त्या आवाजात म्हणाली, "मला तू आवडतोस."

कानसेन तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. तिचा श्वास, पापणी, जिभेची टिचकी, पोटाची कुरकुर, काही म्हणून त्याच्या कानातून सुटलं नव्हतं. नेमकं हे सुटलं.

"काय म्हणालीस?" त्यानं विचारलं. आपण 'म्हणालात'च्या जागी 'म्हणालीस' म्हणालो हे त्याच्याही लक्षात आलं नाही.

ती उठली. खुर्चीमागून वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला गेली. तेवढ्या अंतरात सराव फुकट गेला असं तिला वाटलं. तरी वाकून तिनं तेच, तसंच, एकही शब्द न बदलता पुन्हा सांगितलं.

तो मान खाली घालून ऐकत राहिला. कान लाल झाले, दोन्ही. स्टुडिओत टेक कितीही चांगला झाला तरी पुढे काही दगाफटका नको म्हणून एक जादा घेऊन ठेवायची पद्धत असते. कानसेन डोळे वर न करता, अगदी कामाच्या सुरात म्हणाला,

"छान आला. सेफ्टीसाठी अजून एक घेऊ या?"