दिवसाचे पन्नास तास

"बाबा, सोडा ना! वायर तुटेल!"

पण बाबा ऐकायच्या पलीकडे गेले होते. टीव्हीमागच्या सगळ्या वायरी त्यांनी खसाखसा उपटल्या, गेमचा काळा चकचकीत कन्सोल काखोटीला मारला आणि दारात उभ्या असलेल्या भाचेरावांच्या हातात कोंबला.

"घेऊन जा! माझ्या डोळ्यांसमोर नको ही पीडा."

भाचेराव म्हणजे घरमालकांचा भाचा. घरातसुद्धा गॉगल लावून फिरणारा आणि बोटावर किल्ल्यांचा जुडगा गरगर फिरवणारा! भाचेराव हे नाव मुलांनीच ठेवलेलं.

"मला तरी कुठे हवाय हो," भाचेराव साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणाले. "पण तुमच्या लाईटबिलाचं ऐकलं आणि वाईट वाटलं. दुपारी तुम्ही दोघं कामावर असता ना, तेव्हा गेमचे आवाज पार खालपर्यंत येतात. धडाम्! ढिशूम्! शेजारी म्हणून सांगितलं आपलं. याचे पैसे देतो मी, जमेल तसे."

"खोटं! साफ खोटं!" ठिणगी किंचाळली. "आम्ही रोज एकच तास खेळतो. संध्याकाळी! घड्याळ लावून!"

तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटापुरतंच उरलं होतं. वय वर्षं तेरा, आणि राग असा की काडी ओढायचाही अवकाश नको.

"आवाज खाली!" बाबा गरजले. "मग हे बिल काय भुतांनी वाढवलं? एका महिन्यात तीनशे युनिट जास्त! मालक म्हणतात, एवढ्या लोडने वायरिंग जळेल, दुसरी जागा बघा. कुठे जायचं आता? आणि तू वर तोंड करून बोलतेस? खोटारडी कुठली!"

जिन्यात शेजारपाजारचे जमले होते. त्या सगळ्यांसमोर! भाचेराव शीळ घालत खाली उतरले. ठिणगीचा धाकटा भाऊ टिल्लू मुसमुसायला लागला. ठिणगी मात्र रडली नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि तिथेच राहिली.

*

दुसऱ्या दिवशी आई दवाखान्यात ड्यूटीवर गेली, बाबा कारखान्यात लेथ मशीनवर गेले, आणि शाळांना सुट्टी असल्याने गच्चीवर टाकीच्या सावलीत चौकडी जमली. ठिणगी, टिल्लू, शेजारची वकील आणि समोरच्या इमारतीतला वायर. वकील ही बारा वर्षांची मुलगी प्रत्येक गोष्टीत वाद घालायची, आणि वायरला वायर म्हणत कारण तो तसाच दिसायचा.

"मी भाचेरावांच्या गॉगलवर शेण फासणार!" ठिणगीने जाहीर केलं.

"फास. पण त्याने तू खरी ठरशील का?" वकील म्हणाली. "पुरावा पाहिजे. तुमचा गेम किती वीज खातो?"

"मला काय माहीत!"

"मला माहीत आहे!" टिल्लू धावत खाली गेला आणि कन्सोलचं रिकामं खोकं डोक्यावर घेऊन आला. भाचेराव घाईत ते विसरले होते. खोक्याच्या तळाला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, जास्तीत जास्त दोनशे वॅट.

वकिलीणबाई मांडी ठोकून बसल्या. "ऐका! हजार वॅटचं यंत्र तासभर चाललं की एक युनिट. म्हणजे हा गेम पाच तास चालला तर कुठे एक युनिट होतो. तुम्ही रोज एक तास खेळता. महिन्याला सहा युनिट!"

"फक्त सहा?" ठिणगी उठून उभी राहिली. "मग तीनशे कुठून आले?"

"थांब की! तीनशे युनिट महिन्याला, म्हणजे रोजचे दहा. दहा युनिट म्हणजे या गेमचे..." वकिलीने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं आणि तिचे डोळे विस्फारले. "पन्नास तास! दिवसाला पन्नास तास खेळायला पाहिजे तुम्ही!"

"दिवसात चोवीसच असतात," टिल्लू म्हणाला.

"टीव्हीही धर," वायर म्हणाला.

"टीव्ही धरला तरी तीस तासांच्या वर जातं!"

"पण आम्ही गेम झोपवून ठेवायचो," टिल्लू खाली बघत पुटपुटला. "पूर्ण बंद नाही करायचो. तो केशरी दिवा चालू असायचा. तेव्हाही खातो का तो?"

"खातो. थोडी, पण दिवसरात्र खातो," वायर म्हणाला.

ठिणगीचा चेहरा कसनुसा झाला. "बरं, ती चूक आपली. कबूल. पण ती चूक तीनशे युनिटांची नाही! खाणारा दुसराच कोणीतरी आहे. आणि मला तो पाहिजे!"

*

ठिणगीने घरातला मेन स्विच पाडला. पंखा थांबला, फ्रीज गप्प झाला. सगळे दबकत जिन्याखाली उतरले. तिथे भिंतीवर ओळीने चार मीटर होते, प्रत्येकावर बिऱ्हाडाचा नंबर आणि प्रत्येकाखाली एक खटका.

"आपलं सगळं बंद आहे ना? मग आपल्या मीटरचा लाल दिवा मेल्यासारखा गप्प पाहिजे," वकील म्हणाली.

दिवा लुकलुकत होता. नुसता लुकलुकत नव्हता, धाप लागल्यासारखा धडधडत होता!

"चोर!" ठिणगीने दातओठ खाल्ले. "आपलं घर बंद, तरी मीटर पळतोय! आपल्या मीटरवरून कोणीतरी वीज ओढतंय. आणि शिव्या कोणी खाल्ल्या? मी!"

मीटरच्या मागून एक राखाडी वायर निघून भिंतीतल्या भोकात गेली होती. टिल्लूने हात पुढे केला.

"खबरदार!" वायरने त्याची कॉलर धरली. "वायरीला बोट लावायचं नाही. चिकटलास तर तुझा पापड होईल. तो खालचा खटका आहे ना, तो पाडायचा. वीज गेली की चोर आपणहून ओरडेल."

फारच झकास कल्पना! टिल्लूला इमारतीच्या मागच्या अंगणात पाठवलं. वकील पुढच्या फाटकात उभी राहिली. वायर आणि ठिणगी जिन्याखाली.

"पाडू?"

"पाड!"

खट्!

आणि मग मागच्या गोडाऊनमधून एकच कल्लोळ उठला.

"अरे लाईट गेली!"

"मी जिंकत होतो यार! शेवटचा लॅप होता!"

"पैसे परत द्या! तासाचे पैसे घेतलेत!"

ठिणगी आणि वायर एकमेकांकडे बघतच राहिले. गोडाऊन! तिथे तर मालकांच्या म्हणण्याप्रमाणे भाचेरावांची रिकामी खोकी ठेवलेली होती!

धपाधप पावलं वाजली. दोघं सायकलींच्या मागे दडले. भाचेराव धापा टाकत आले. चार मीटरपैकी एकाचाही नंबर त्यांनी वाचला नाही. सरळ ठिणगीच्या घराच्या मीटरपाशी गेले, खटका वर केला आणि "आलो रे, आलो!" म्हणत परत पळाले.

"बघितलंस?" वायर कुजबुजला. "डोळे मिटूनसुद्धा सापडला असता त्यांना!"

ठिणगीला एकदम सगळं उलगडलं. दुपारचे आवाज! धडाम्, ढिशूम्! ते खरंच येत होते. पण वरून खाली नाही, खालून वर! स्वतःच्या दुकानाचे आवाज या माणसाने तिच्या नावावर खपवले होते. वीजही तिची आणि बदनामीही तिची!

"मी जाते. आत्ता जाते आणि त्यांच्या गॉगलचे..."

"नाही जायचं!" धावत आलेल्या वकिलीने तिचा दंड पकडला. "आत्ता गेलीस तर दहा मिनिटांत सगळं आवरून ठेवतील, आणि तू पुन्हा खोटी! मोठ्यांना दाखवायचं. त्यांच्या डोळ्यांनी."

ठिणगीने भिंतीवर एक लाथ मारली. अंगठा चांगलाच ठेचला. पण ती थांबली.

*

संध्याकाळी बाबा आले. बूट काढायच्या आधीच ठिणगी समोर उभी.

"बाबा, दिवसात तास किती असतात?"

"ठिणगे, मी दमलोय. पुन्हा तो विषय नको."

"किती असतात?"

"चोवीस! का?"

"मग आम्ही पन्नास तास कसे खेळलो?" तिने खोकं त्यांच्यासमोर आदळलं. "तुम्ही लेथवर केसभराची चूक चालू देत नाही. मग माझा हिशोब का नाही केला? एकदा तरी करून बघायचात! नुसतं भाचेरावांचं ऐकलंत!"

"बाबांशी कसं बोलतेस!" आई आतून आली.

बाबांनी हात वर करून आईला थांबवलं. खोकं उलटं केलं, अक्षरं वाचली. खिशातली पेन्सिल काढून पेपरच्या कोऱ्या कडेवर आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. ठिणगीने मीटरचं आणि गोडाऊनचं सांगितलं तेव्हा त्यांच्या कपाळाची शीर तटतटून वर आली.

"कुठे आहे तो? आत्ता जाऊन मानगूट धरतो!"

"नाही!" ठिणगी आणि आई एकदमच म्हणाल्या.

"उद्या तुम्हा दोघांना सुट्टी आहे," ठिणगी म्हणाली. "उद्या मी सांगेन तसं करायचं."

बाबांनी मान डोलावली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी वकील मालकांच्या दारात उभी राहिली. मालक म्हातारे, ऐकायला कमी येणारे. दुपारी कानातलं यंत्र काढून झोपायची त्यांची सवय, त्यामुळे गोडाऊनमधले आवाज त्यांच्यापर्यंत कधी पोहोचलेच नव्हते.

"तुम्ही म्हणता ना वायरिंग जळेल? का जळेल ते दाखवायचंय तुम्हाला. कानात यंत्र घाला आणि खाली चला!"

"काय पोरं आहेत!" मालक कुरकुरत निघाले.

जिन्याखाली आई आणि बाबा आधीच सायकलींमागे उभे होते. मालक त्यांच्या शेजारी टेकले. आमच्या मीटरचा दिवा बघा, आमचं घर बंद आहे, असं ठिणगीने त्यांना सांगितलं. मग खटका पाडला.

खट्!

"अरे, पुन्हा लाईट गेली!" मागून गोंगाट उठला. मालकांच्या भुवया वर गेल्या. किल्ल्या खुळखुळल्या, पावलं आली. भाचेराव थेट त्याच मीटरपाशी गेले, खटका वर केला, वळले, आणि समोर बाबा!

"तुम्ही? अहो, तुमची लाईट गेली म्हणून मी आपला मदतीला..."

"आमची गेली हे तुम्हाला कसं कळलं?" ठिणगी पुढे झाली. "आम्ही तर कोणीच ओरडलो नाही! ओरडलं तुमचं गोडाऊन!"

भाचेरावांचा गॉगल नाकावरून घसरला. त्यांनी फाटकाकडे पोबारा करायला पाय उचलला, पण फाटक लावून वायर उभा होता, आणि वायरच्या शेजारी टिल्लू, हात कमरेवर ठेवून!

मालकांनी स्वतः गोडाऊनचं दार ढकललं. आतून एसीचा गार झोत आला. आठ टीव्ही, आठ कन्सोल, थंड बाटल्यांचा फ्रीज, आणि खुर्च्यांवर डोळे चोळणारी पोरं! एका एक्स्टेन्शन बोर्डात चार बोर्ड, त्यात आणखी दोन, अशा वायरींची गुंतवळ जमिनीवर पडली होती. एका प्लगभोवती प्लॅस्टिक करपून काळं झालेलं.

"हा आपला गेम!" टिल्लू ओरडला. शेवटच्या टीव्हीखाली त्यांचाच कन्सोल होता. पाठीवर टिल्लूने चिकटवलेला हिरवा बेडूक तसाच!

"म्हणजे वायरिंग जळणार होतं, ते हे," मालक खोल गेलेल्या आवाजात म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला, चांगलाच चढला. "एवढी पोरं आत कोंडून बसवलीस! आग लागली असती तर? आणि मला रोज सांगत होतास, यांना घराबाहेर काढा! मी मूर्खासारखा ऐकत होतो! एकदा मागे येऊन बघायला माझे पाय मोडले होते काय?"

"मामा, चुकून..."

"चुकून वायर जोडली जाते? काढ त्या किल्ल्या!"

जुडगा मालकांच्या हातात पडला. त्यांनी लगेच वीज कंपनीला फोन लावला.

संध्याकाळपर्यंत तपासनीस बाई येऊन गेल्या. राखाडी वायर कापली गेली, गोडाऊनला सील लागलं, आणि भाचेरावांना कार्यालयात हजर राहायचं फर्मान मिळालं. चोरलेल्या विजेचं सगळं बिल आता त्यांच्याच नावावर चढणार होतं.

"वायरीला हात न लावता पकडलंत, हे सगळ्यात चांगलं केलंत," बाई चौकडीला म्हणाल्या. "आमच्या नव्या भरतीतल्या माणसांना आणते तुमच्याकडे शिकायला!"

"हिशोब मी केला," वकिलीने नोंदवलं.

"जागा सोडायचं विसरा आता," मालक आईला म्हणाले. "शरम वाटते मला. हुशार पोरं आहेत तुमची!" जिन्यात जमलेल्या शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. वायर लाजून आणखीनच बारीक झाला.

बाबांनी कन्सोल काखेत घेतला आणि ठिणगीच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास, ठिणगे!"

ठिणगी हलली नाही.

"शाब्बास नको मला."

"मग काय पाहिजे?"

"तुम्ही मला खोटारडी म्हणालात. सगळ्यांसमोर."

टाळ्या थांबल्या. बाबांनी कन्सोल पायरीवर ठेवला आणि ते स्वतःही तिथेच खाली बसले. आता त्यांचे डोळे ठिणगीच्या डोळ्यांच्या रेषेत आले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "तू खरं बोलत होतीस. मी तुला काही विचारलंच नाही. परक्याचं ऐकलं आणि माझ्या पोरीचं ऐकलं नाही. तू खोटारडी नाहीस."

दोन दिवस कोरडे राहिलेले ठिणगीचे डोळे भरून आले. तिने बाहीने ते खसकन पुसले.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली. "मोठ्याने."

आणि बाबांनी भरल्या जिन्यात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, ते पुन्हा म्हटलं.