मावशीसोबतचे गृहस्थ

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. आणि तेही भरदुपारी.

तेव्हा मावशीच्या देशात नव्या राजवटीचा हुकूम निघाला होता. घरचा पुरुष सोबत असल्याशिवाय बाईने रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही. चौकाचौकात शिपाई.

मावशीने लग्न केलं नव्हतं. भाऊ नाही, वडील कधीच गेलेले. दातांच्या कवळ्या बनवतात तिथे ती कवळ्या घासून गुळगुळीत करायची. "लोकांना दात देते, पण मला मेलीला चणे नाहीत!" असं हसत म्हणायची. घरातलं धान्य संपलं तेव्हा मात्र हसू आटलं. जीव मुठीत धरून ती कामाला निघाली.

चौकीवरचा शिपाई उठला. तिच्या उजव्या बाजूला बघितलं...

आणि सलाम ठोकला.

"या साहेब. तुम्ही सोबत आहात, मग प्रश्नच नाही."

मावशीने वळून पाहिलं.

कुणीच नव्हतं.

ती घाबरली, पण तशीच पुढे कामावर गेली. मग रोजच जाऊ लागली. रोज सलाम... बाजूच्या रिकाम्या जागेला.

घरी बोलायला चिटपाखरू नव्हतं. ती त्या रिकाम्या जागेशीच बोलू लागली.

"बरं वाटायचं गं," मला नंतर म्हणाली.

मग माझ्या आईने निरोप धाडला, सीमेपलीकडे आमच्याकडे ये, कायमची. मावशी बॅग भरून चौकीवर आली.

शिपाई तिच्या बाजूला बघत राहिला... काहीतरी ऐकत असल्यासारखा.

"परत जा, बाई."

"का? रोज तर सोडता!"

"साहेब नाही म्हणतायत."

मावशीने धीर करून विचारलं, "दिसतात कसे ते?"

"स्वतःचा नवरा कसा दिसतो, ते मला विचारता?" शिपाई खेकसला.

पुढे ती राजवट गेली. हुकूम गेला, चौक्याही गेल्या. मी स्वतः मावशीला आणायला गेले. तिची बॅग उचलली, दार सताड उघडलं.

"चल मावशी, आता कोण अडवतंय?"

ती उंबऱ्यात थांबली. उजवीकडे पाहिलं. वाट बघितली...

"नाही म्हणतायत गं."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी भांडले, रडले, हात धरून ओढलं. ती जागची हलली नाही. शेवटी मी एकटीच निघाले.

जिना चांगला रुंद होता. तरी मी अंग चोरून, भिंतीला चिकटून उतरले... वर येणाऱ्या कुणाला तरी वाट द्यावी तशी.

का, ते मला अजून सांगता येत नाही.